कुत्रा पाळताय? मग पट्टा स्वतःच्या हातात धरा

"डॉक्टर, आईसाठी एक कुत्रा आणावा म्हणतोय. बाबा गेल्यापासून ती अगदी एकटी पडलीय. कुत्र्यामुळे बीपी कमी होतं, मन रमतं असं वाचलं. तुमचं काय मत?"

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला वारंवार ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा परगावी किंवा परदेशी असलेला मुलगा असतो. कधी एकुलत्या एका मुलीचे आईवडील असतात. मुलगी मोबाइल सोडत नाही, निदान कुत्र्याच्या निमित्ताने खाली तरी उतरेल अशी त्यांना आशा असते. कधी नुकतेच रिटायर झालेले गृहस्थ असतात, ज्यांचा दिवस संपता संपत नाही.

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. कुत्र्याच्या आजारांवर उपचार सांगणं हे माझं काम नव्हे. पण कुत्रा घरात आल्यावर माणसांच्या तब्येतीत काय फरक पडतो, चांगला आणि वाईट, हे मी रोज पाहतो. त्या अनुभवावरून माझं एक स्पष्ट मत झालं आहे आणि ते सुरुवातीलाच सांगतो: कुत्र्याचा फायदा त्याच्या मालकाला मिळतो असं नाही, त्याची कामं करणाऱ्याला मिळतो. ही कामं करायची तयारी असेल तर कुत्र्यासारखा सोबती नाही. ती नसेल तर कुत्रा आणू नका. त्यात तुमचंही भलं आहे आणि त्या मुक्या जिवाचंही.

आता हे जरा सविस्तर पाहू.

फायदा खरोखर होतो का?

होतो, असं मानायला बऱ्यापैकी पुरावा आहे. १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. घरात पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ जण वर्षभरात दगावले, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११ जण. अभ्यास छोटा होता, पण त्याने डॉक्टरांचं लक्ष या विषयाकडे वेधलं.

२०१७ साली स्वीडनमधून खूप मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येक कुत्र्याची सरकारी नोंद असते. सुमारे ३४ लाख लोकांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्या राहणाऱ्या लोकांमध्ये कुत्रा असणाऱ्यांचा मृत्यूचा धोका कुत्रा नसणाऱ्यांपेक्षा सुमारे ३३ टक्के कमी आढळला. 'एकट्या राहणाऱ्या' हे शब्द लक्षात ठेवा. घरात दोनचार माणसं असतील तर हा फरक कमी होता.

पण इथे थोडं थांबायला हवं. ज्यांची तब्येत मुळातच बरी असते, ज्यांना चालता-फिरता येतं, तेच लोक कुत्रा आणतात. गुडघे गेलेला किंवा दम लागणारा माणूस सहसा आणत नाही. त्यामुळे कुत्र्यामुळे माणूस निरोगी झाला, की निरोगी माणसाने कुत्रा आणला, हे अशा अभ्यासांतून पूर्ण उलगडत नाही. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली जपून मत दिलं. पाळीव प्राणी, विशेषतः कुत्रा, असण्याचा हृदयविकाराचा धोका कमी असण्याशी बहुधा संबंध आहे, असं त्यांनी म्हटलं. पण केवळ हृदयविकार टाळण्यासाठी म्हणून प्राणी आणू नका, असंही त्याच निवेदनात बजावलं.

फायदा येतो कुठून?

कुत्र्याच्या अंगातून काही औषधी किरणं बाहेर पडत नाहीत! फायद्याची कारणं साधी आहेत.

पहिलं कारण चालणं. कुत्र्याला दिवसातून दोन-तीन वेळा बाहेर न्यावंच लागतं. "आज कंटाळा आलाय, उद्या जाऊ" हे तुम्ही स्वतःच्या मॉर्निंग वॉकला सांगू शकता, दारात पट्टा तोंडात धरून उभ्या असलेल्या कुत्र्याला सांगू शकत नाही.

दुसरं कारण दिनक्रम. उठणं, त्याचं खाणं, पाणी, फिरणं, ब्रश करणं. जोडीदार गेल्यावर किंवा नोकरी संपल्यावर माणसाचा दिवस आकारहीन होतो. झोप बिघडते, जेवणाच्या वेळा चुकतात, गोळ्या राहून जातात. कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे ही जाणीव माणसाला वेळेवर अंथरुणातून उठवते.

तिसरं कारण माणसांशी बोलणं. एकटा माणूस बागेत बसला तर कुणी त्याच्याशी बोलायला जात नाही. कुत्रा बरोबर असेल तर लहान मुलं येतात, "काका, चावतो का हो?" असं विचारतात, आणि बोलणं सुरू होतं.

चौथं कारण स्पर्श आणि नजर. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे प्रेमाने बराच वेळ पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाचं नातं घट्ट करणारं हेच ते संप्रेरक.

आता ही चारही कारणं पुन्हा एकदा नजरेखालून घाला. चालणं, वेळेवर खाऊ घालणं, बाहेर नेणं, कुरवाळणं. ही सगळी कुत्र्याची कामंच आहेत. आपण ज्याला जबाबदारी म्हणतो आणि ज्याला फायदा म्हणतो, त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांमध्ये कुत्रा पाळणारे दोन प्रकारचे लोक दिसतात. एक, जे सकाळ-संध्याकाळ स्वतः कुत्र्याला फिरवतात. त्यांची साखर, वजन, झोप हळूहळू ताळ्यावर येते. दुसरे, ज्यांनी फिरवायला मुलगा ठेवला आहे, खाणं मावशी घालतात, आंघोळ पार्लरमध्ये होते. त्यांची साखर जिथल्या तिथे असते. पुष्कळदा मालक आणि लॅब्राडॉर दोघांचीही वजनं बरोबरीने वाढत असतात. कुत्र्यापासून मिळणारं आरोग्य त्या घरात फिरवणाऱ्या मुलाला मिळतं!

हे नातं काळजीतूनच सुरू झालं

१९१४ साली जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा होता. अलीकडे त्या कुत्र्याच्या दातांची तपासणी झाली, तेव्हा ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर हा गंभीर आजार होऊन गेला होता असं दिसलं. माणसाने शुश्रूषा केल्याशिवाय ते पिल्लू इतके दिवस जगणं कठीण होतं, असं संशोधकांचं मत आहे. आजारी पिल्लाकडून शिकार किंवा राखण होणार नव्हती. तरी कुणीतरी त्याला सांभाळलं.

आपल्याकडेही वेगळं काय आहे? दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे "कोरडी खाऊ नकोस, तूप घे" म्हणत धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणी ऐकली. सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला युधिष्ठिर तयार नव्हता. या कथांमध्ये कुत्रा माणसासाठी काय करतो यापेक्षा माणूस कुत्र्यासाठी काय करतो याला महत्त्व आहे.

पहिली जबाबदारी: रेबीज

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे चूक झाली तर दुरुस्तीची संधी मिळत नाही.

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की रुग्ण वाचत नाही, असंच जवळजवळ धरून चालावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार लोक या आजाराने मरतात आणि त्यातले साधारण एक तृतीयांश भारतातले असतात. आपल्याकडे माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्यामुळेच होतो. आणि तरीही हा आजार वेळेवर उपचार घेतल्यास टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस द्यायला सुरुवात झाली आणि तो वाचला. त्याला १४० वर्षं होऊन गेली.

मग आजही माणसं का मरतात? एक मोठं कारण म्हणजे एक वाक्य: "घरचाच कुत्रा आहे, काही होत नाही."

रस्त्यावरचा कुत्रा चावला की लोक धावत दवाखान्यात येतात. पण घरी आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाचा दात लागला, तर त्याला कुणी चावणं समजत नाही. "खेळताना लागलं" म्हणतात. पिल्लू कुठून आलं, त्याची आई कोण, तिला लस दिली होती का, काहीच माहीत नसतं. पिल्लाची स्वतःची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात होते. म्हणजे सगळ्यात जास्त दात लावण्याच्या वयात ते लसीविना असतं.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत जातो आणि तिथून नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित आठवडाभरच, तर क्वचित वर्षापेक्षा जास्त. जखम चेहऱ्याजवळ असेल तर मेंदू जवळ, म्हणून वेळ कमी. लहान मुलांची उंची कमी असल्यामुळे त्यांना चेहऱ्यावर आणि मानेवर चावे जास्त बसतात. हा प्रवास पूर्ण होण्याआधी लसीने शरीराची तयारी करून घ्यायची, एवढीच आपली संधी असते.

कुत्रा, मग तो कुणाचाही असो, चावला किंवा ओरखडला तर काय कराल?

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. साबणाने विषाणूचं वरचं आवरण मोडतं. हा उपचार फुकट आहे आणि अत्यंत परिणामकारक आहे.

२. हळद, तिखट, चुना, तेल, कॉफी यातलं काहीही जखमेत भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका. टाके घालण्याची घाई करू नका.

३. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नुसती शाबूत त्वचा चाटली असेल तर लसीची गरज नसते. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस लागते. रक्त आलं असेल, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस जातात, त्या काळात हे तयार संरक्षण कामाला येतं. पुष्कळ लोक लस घेतात आणि नेमकं हेच टाळतात.

४. लसीचे सगळे डोस पूर्ण करा. दंडाच्या स्नायूत घ्यायची लस असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत बहुधा त्वचेत देतात, ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटात घ्यायची ती १४ इंजेक्शनं बंद होऊन वीस वर्षं झाली, त्यांना घाबरून आजही कुणी लस टाळू नका.

५. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण ते उपचार सुरू करून. "आधी दहा दिवस पाहू, मग ठरवू" हे धोक्याचं आहे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याला लक्षणं दिसण्याच्या फार तर काही दिवस आधी. म्हणून दहा दिवसांनंतरही कुत्रा ठणठणीत असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं म्हणता येतं. मग पुढचे डोस घ्यायचे का, हे डॉक्टर ठरवतील.

ज्यांच्या घरात कुत्रा आहे आणि लहान मुलं आहेत, त्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. तिचे तीन डोस असतात. ती घेतलेली असेल तर पुढे चावल्यावर फक्त दोन डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

आणि कुत्र्याची लस? पहिली तीन महिन्यांच्या सुमारास आणि नंतर दरवर्षी, जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. "तो बाहेर जातच नाही" ही सबब नको. लिफ्टमध्ये, जिन्यात, गॅलरीत कुठेही दुसऱ्या प्राण्याशी गाठ पडू शकते.

जंत, गोचीड आणि चाटणं

पिल्लांच्या पोटात जंत असतातच असं समजून चाला. काही जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवरून पोटात जातात. कच्चं मटण किंवा कसायाकडची आतडी-काळीज खाणाऱ्या कुत्र्याकडून हायडॅटिड नावाचा आजार माणसाला होऊ शकतो. त्यात यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची मोठी गाठ होते. उपाय सोपा आहे: कुत्र्याला कच्चं मांस नको, जंतांचं औषध ठरलेल्या वेळी, आणि त्याला हात लावल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवायचे.

गोचीड आणि पिसवा यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. गोचीड बोटाने चिरडू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून कुत्र्यांनाही लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्यांच्या लघवीतून तो पसरू शकतो. त्याचीही लस कुत्र्यांसाठी आहे.

मधुमेहामुळे पायाला जखम असलेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी, प्लीहा काढून टाकलेल्यांनी आपली जखम कुत्र्याला कधीही चाटू देऊ नये. "कुत्र्याच्या जिभेत औषध असतं" हा समज चुकीचा आहे. त्याच्या तोंडातल्या काही जिवाणूंमुळे अशा रुग्णांना गंभीर सेप्सिस होऊ शकतो.

ॲलर्जीबद्दल एक सांगतो. दमा कुत्र्याच्या केसांमुळे वाढतो असं लोक समजतात आणि कमी केसांची जात शोधतात. ॲलर्जी खरं तर त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती सगळ्याच जातींत असतात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आधी कुत्रा असलेल्या घरी चार-पाच वेळा जाऊन काही तास बसा, काय होतं ते पाहा.

आईसाठी कुत्रा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. एकट्या आईसाठी कुत्रा आणावा का?

पहिली गोष्ट, आईला विचारा. हसू नका, बहुतेक जण विचारत नाहीत. मुलगा अमेरिकेतून येतो, वाढदिवसाला पिल्लू भेट देतो आणि पंधरा दिवसांनी परत जातो. मागे सत्तरीतली आई आणि दिवसातून आठ वेळा शू करणारं, चपला फाडणारं पिल्लू.

दुसरी गोष्ट, तिचे गुडघे, तोल आणि हाडं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील लोकांमध्ये पट्ट्याने कुत्रा फिरवताना झालेल्या फ्रॅक्चरची संख्या मोजली. २००४ मध्ये ती सुमारे १,७०० होती, २०१७ मध्ये सुमारे ४,४००. सर्वांत जास्त फ्रॅक्चर खुब्याची. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना सांगायला नको. ३० किलोचा लॅब्राडॉर मांजर दिसताच झेप घेतो, तेव्हा दोरी हाताला गुंडाळलेली आजी जमिनीवर पडते. दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नये.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आई आजारी पडली तर कुत्र्याचं कोण करणार? छातीत दुखत असतानाही "मला ॲडमिट करू नका, घरी तो उपाशी राहील" म्हणणारे एकटे वृद्ध मी पाहिले आहेत. तुम्हाआम्हाला हे अजब वाटेल, त्यांना वाटत नाही. घरात वाट पाहणारा तो एकच जीव असतो. ज्या कुत्र्याने हृदय सांभाळायचं, त्याच्याच काळजीपोटी हृदयाचा उपचार लांबतो. म्हणून कुत्रा आणण्याआधी शेजारी, नातेवाईक किंवा बोर्डिंग यांपैकी एक नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावलेला असला पाहिजे. ते नाव सापडत नसेल, तर कुत्रा नको.

आई उत्साही असेल, चालती-फिरती असेल आणि तिला स्वतःला हवा असेल, तर जरूर आणा. पण पिल्लाऐवजी चार-पाच वर्षांचा, शांत, लहान किंवा मध्यम आकाराचा, शी-शूची सवय लागलेला कुत्रा दत्तक घ्या. आणि दर रविवारचा फोन बंद करू नका. कुत्रा मुलाची जागा भरत नाही, आणि ती भरण्यासाठी त्याला आणणं हा त्या दोघांवर अन्याय आहे.

लहान मुलं आणि कुत्रा

मुलांना कुत्र्याबरोबर वाढू देणं चांगलं आहे. पण पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला आणि कुत्र्याला, तो कितीही गरीब असो, एका खोलीत एकटं सोडू नका. कुत्रा खाताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना शिकवा. कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. मार खाऊन तो सूचना देणं बंद करतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो.

आणि "कुत्र्याचं सगळं मी करीन" या दहा वर्षांच्या मुलाच्या वचनावर विसंबून कुत्रा आणू नका. मोठ्या जातीचे कुत्रे आठ-दहा वर्षं जगतात, लहान जातीचे बारा-पंधरा. तेवढ्यात मूल दहावी, बारावी, कॉलेज करून हॉस्टेलवर जातं. फिरवायला शेवटी तुम्हीच जाणार.

कोणता कुत्रा, काय खाणं?

जाहिरात किंवा सिनेमा पाहून जात ठरवू नका. हस्की, सेंट बर्नार्ड हे थंड प्रदेशातले कुत्रे. नागपूर, जळगावच्या मे महिन्यात त्यांना ठेवणं ही क्रूरता आहे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचाच त्रास असतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. चपटं नाक असेल तर तेही नीट जमत नाही. आपल्या हवेला सरावलेला गावठी कुत्रा सहसा काटक असतो आणि तो दत्तक घेतल्याने रस्त्यावरचा एक जीव कमी होतो. उन्हाळ्यात फिरवायला पहाटे आणि सूर्य मावळल्यावरच न्या. डांबरावर तुमचा तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पायही पोळणार.

नुसतं दूध-पोळी हा पूर्ण आहार नाही. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण कुत्र्याला विषारी ठरू शकतात. सणाला आवडीने भरवलेल्या पुरणपोळी-लाडवांनी त्याचं वजन वाढतं. आणि आपल्या घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलसारखी गोळी त्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका.

शेजारी आणि कायदा

ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. हा मुद्दा मालकांना तोंडपाठ असतो. पण फुटपाथवरची विष्ठा उचलायला हातात पिशवी नसते! लिफ्टमध्ये घाबरून कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या बाईंना "काही करत नाही हो तो" म्हणणं पुरेसं नाही. त्यांना जाऊ द्या, तुम्ही पुढच्या लिफ्टने जा. महानगरपालिकेचा परवाना काढा, त्यासाठी लसीचं सर्टिफिकेट लागतं. नसबंदी करून घ्या. मादीला नंतर होणारे गर्भाशयाचे पूचे आजार त्यामुळे टळतात आणि नको असलेली पिल्लं रस्त्यावर येत नाहीत.

कुत्रा सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. एवढ्यात तर वडापावही दोनच येतात. त्यामुळे कायद्याच्या धाकाने कुणी थांबणार नाही, हे उघड आहे. लॉकडाऊनमध्ये हौसेने आणलेले किती कुत्रे ऑफिस सुरू झाल्यावर हमरस्त्यावर सोडले गेले! भटक्या कुत्र्यांवर आपण तावातावाने भांडतो, पण त्यांतले काही आपल्यासारख्याच घरांतून खाली उतरवलेले असतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर खाणं शोधता येत नाही. तो त्याच कोपऱ्यावर बसून त्याच गाडीची वाट पाहतो.

आणण्याआधी स्वतःला विचारा

• रोज किमान तासभर मी स्वतः त्याला फिरवणार आहे का? पावसातही?
• लस, जंतांचं औषध, खाणं, आजारपण यांचा खर्च दहा-बारा वर्षं झेपेल का?
• घरातल्या प्रत्येकाला, घरकामाच्या मावशींनाही, तो चालणार आहे का?
• आम्ही गावाला गेलो किंवा मी रुग्णालयात असलो, तर त्याचं कोण करेल?
• बदली झाली, घर बदललं, बाळ आलं, तरी तो आमच्याबरोबर राहील का?
• तो म्हातारा, आंधळा, अंथरुणात शू करणारा झाला, तरी मी त्याचं करीन का?

एकाही प्रश्नाला उत्तर 'नाही' असेल तर तूर्त थांबा. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा फिरवून आणा, गल्लीतल्या कुत्र्याच्या लसीकरणाला आणि नसबंदीला हातभार लावा. चालणंही होईल आणि मायाही मिळेल.

सगळ्यांची उत्तरं 'हो' असतील, तर मनात शंका न ठेवता घेऊन या. एक दिवस तो आपल्याआधी जाणार आणि तुम्हाला घरातलं माणूस गेल्यासारखं रडू येणार, हेही मनात धरून आणा. त्या दुःखाला "कुत्र्यासाठी एवढं काय?" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. झोप, जेवण महिनाभरही सुधारलं नाही, तर डॉक्टरांकडे या, संकोच करू नका.

मात्र तोपर्यंत पट्टा स्वतःच्या हातात धरा. जनावरांच्या डॉक्टरांच्या पहिल्या भेटीची वेळ पिल्लू घरी येण्याआधीच घेऊन ठेवा.